निशाणी बांगडी

कोठीच्या दप्तरात एकोणतीस वर्षं
मी मेलेल्यांची अक्षरं सोडवत बसले.
मोडीत आधी पानभर रेघ ओढतात,
मग तिच्यावर शब्द वाळत घालतात
हात न उचलता.
राघो त्रिंबक दिघ्यांनी तो उचलला एकदाच,
शके अठराशे दहा, एका नावापाशी.

आज दांडिया बजारात, त्रिवेदी वकिलांच्या माळ्यावर
माझं स्वतःचं मृत्युपत्र.
जिग्नेश टाईप करतो. फॉर्म तयार आहे त्याच्याकडे.
पहिला रकाना: मिळकत.
"बोलो बेन."

थांब, म्हटलं. जुनी माणसं इथून सुरू करत नसत.
राघोपंत आधी देणं लिहितात:
दळणाची मंछा, दोन रुपये सहा आणे,
तिने मागितले नाहीत सबब राहिले,
व्याजासुद्धा द्यावे.
वाण्याचं. न्हाव्याचं. मग कुठे घर, शेत,
आणि तांब्याचं घंगाळ, एक कान तुटका.
कान तुटका हेही लिहितात,
मागाहून कोणी म्हणू नये की धड होतं.

आणखी एक होते, नाव नाही सांगत,
वंशज अजून रावपुऱ्यात राहतात.
त्यांनी शेवटी लिहिलं: बाकीचे ज्यास योग्य त्यास द्यावे.
त्या एका 'योग्य'वर तीन पिढ्यांनी
कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.
वादातली चिंच वठली, वाद नाही.
जिग्नेश, तुझ्या फॉर्मात खाली आहे तो शब्द. काढ.

हसतो. काढतो. "पछी?"

पछी कारेलीबागेतला फ्लॅट, भाच्याला, आल्हादला,
जो कॅलगरीहून दर पावसाळ्यात विचारतो,
मावशी, मगर आली का गं सोसायटीत?
लॉकर. पीएफ. फोन उघडायचा आकडा,
तो यात नको म्हणतात वकील, वेगळ्या पाकिटात.
भिंग आणि बोरूंचा डबा रेवा सोनीला.
तिची अजून निम्मी अक्षरं चुकतात,
पण कागद हातात आला की आधी हुंगते.

आईच्या पाटल्या.

खाली सेवउसळवाला पातेल्यावर पळी आपटतो.
पाटल्या चार. बहीण एक, कुमुद, आल्हादची आई,
मकरपुऱ्याला. रिक्षाने पंचवीस मिनिटं,
बोलून अकरा वर्षं.
घरून ठरवून आले होते: तिचं नाव घालायचं
आणि पुढे 'काही नाही'.
स्पष्ट असावं म्हणून.

पण मी ते पान पाहिलंय.
राघोपंतांनी मुलीचं नाव खोडलं तेव्हा
बोरू इतका दाबला की कागद फाटला.
पुढे घर पडलं, शेतावरून रस्ता गेला,
घंगाळ मोडीत गेलं आणि मोडीतच वाचलं.
ते भोक मात्र जसंच्या तसं.
सव्वाशे वर्षांनी मी परकी बाई
दोन दिवस त्याला भिंग लावून बसले, सरकारी पगारावर.
चिमा.
त्या घरातलं तेवढंच नाव मला आज पाठ आहे.

आणि तळाशी साक्षीदारांत मंछा. निशाणी बांगडी.
लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी बांगडी काढत.
तिची पुरी मिटलेली नाही.
शाई संपली असेल, किंवा कोणी हाक मारली.

"बेन?"

लिही, म्हटलं. पाटल्यांत नाही, वर, देण्यात,
आपण आत्ताच केलेल्या रकान्यात:
कुमुद सदाशिव रणदिवे, हल्ली कुमुद फणसे.

वकील चष्म्यावरून बघतात. रक्कम लागेल, बेन.
लागेल. ठाऊक आहे मला.
ती जागा मोकळी सोडा बुधवारपर्यंत.
विचारून येते.