उशाशी

फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना आहे :
हा अभ्यासक्रम आपणास का करावयाचा आहे?
चार ओळींची जागा.
नाव लिहून झालं, निलोफर इलाही मुजावर, मु. पो. मिरज,
जीएनएमचे गुण झाले, अनुभव तीन वर्षं दोन महिने झाला.
हा रकाना तेवढा तिसऱ्यांदा खोडलाय.

आमच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले असत.
अब्बा घोडीवर कानस फिरवत,
तारेखालचा धागा केसभर सरकवत,
पुन्हा केसभर मागं,
आणि मध्येच कधीतरी
तार नुसती वाजायची थांबून
गुणगुणायला लागायची.
"आली जवारी," म्हणायचे.
मला त्यांच्याआधी कळायचं.
कानस भावाच्या हातात दिली त्यांनी.
भावाला ऐकू येत नव्हतं, म्हणजे
येत होतं, पण तेवढं नाही.

मी नर्सिंगला गेले.
बेडपॅन, चादरी, पहाटे चारचं टेंपरेचर,
सलाईन संपल्याची हाक.
मग ओटीत बदली. पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी केली :
हिरव्याला हात लावायचा नाही.
सगळे पोटाकडं बघत होते.
एकट्या कुलगुडे मॅडम पलीकडं, पेशंटच्या उशाशी,
स्टुलावर, फुगा दाबत.
मॉनिटर माझ्या पाठीमागं. टिप. टिप. टिप.

मी बोलायचं नव्हतं, पण बोलले :
"सूर उतरला."

मॅडमनी मान वर केली.
अठ्ठ्याण्णवचे चौऱ्याण्णव झाले होते.
नळी कुठंतरी मुडपली होती, त्यांनी सरळ केली.
टिप पायरी पायरीनं वर आली.
सर्जननी विचारलंसुद्धा नाही काय झालं.
हात धुताना मॅडम म्हणाल्या, "गाणं शिकलीस?"
"नाही. आमच्याकडं तंबोरे करतात."

मामूंना समजावणं अवघड गेलं.
म्हणजे डॉक्टर होणार?
नाही.
मग भूल कोण देणार?
डॉक्टर.
मग तू काय करणार?

मी सहाला येऊन मशीन तपासणार, मामू.
सिलिंडर भरलेला आहे का, जादाचा आहे का,
लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का,
नळी साडेसातची, सातची, आणि एक लहान,
लागणार नाही ती.
सिरिंज भरली की लगेच चिठ्ठी चिकटवणार,
दोन औषधं पाण्यासारखी दिसतात
आणि त्यातल्या एकानं श्वास थांबतो.
भूल द्यायची असते,
भूल करायची नसते.
शब्द तोच. फरक क्रियापदाचा.
त्या क्रियापदावर लक्ष ठेवायची नोकरी आहे माझी.

मामू म्हणाले, पगार किती?

परवा कवठ्याच्या एक म्हातारी आल्या होत्या, पित्ताशयाचे खडे.
दातांची कवळी माझ्या वाटीत, काकणं सुनेकडं.
मॅडम म्हणाल्या, आजी, शंभरापासून उलटं मोजा.
"मला उलटं येत न्हाई."
मी वाकून म्हटलं, मग नातवंडांची नावं सांगा.
सोनाली, म्हणाल्या. बापू. बापूचा धाकटा. रेश्मा.
पाचव्या नावाला डोळे मिटले.
दीड तास
ती यादी तशीच अर्धी पडून होती.
नळी काढल्यावर खोकल्या, घसा ओला केला,
आणि म्हणाल्या,
"आन किसन्या."

हे त्या चार ओळींत बसत नाही.

अब्बांना आता डाव्या कानानं कमी येतं.
गिऱ्हाईक गेलं की मला हाक मारतात,
तार छेडून माझ्या तोंडाकडं बघत बसतात.
मी मान हलवली तर धागा थोडा मागं घेतात.
यावर आम्ही दोघं काही बोलत नाही.
फी अर्धी त्यांनी दिलीय, अर्धी पतसंस्थेतून.

रकान्यात शेवटी लिहिलं : अनुभव व आवड.
सगळे तेच लिहितात म्हणे.
आता फोटो तेवढा राहिलाय.
नियम खाली बारीक अक्षरात छापलेत :
पार्श्वभूमी पांढरी, चेहरा समोर,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.