थोरली पाती, धाकटी पाती

हुपरीत चांदी कुणी जपून ठेवत नाही.
ती आटते, तार होते, तारेचं पैंजण होतं
आणि पैंजण परमुलखाला निघून जातं.
चाळीस वर्षं घुंगरांना डाख देणाऱ्या आदगोंडाकाकांनी
मोडीच्या ढिगातलं एक नाणं मुशीत टाकलं नाही,
तेव्हा काकू म्हणाली, भट्टीची धग डोक्यात गेली ह्यांच्या.

दीड तोळा, वर मासाभर. कसाला नव्वद.
मानेशी संपलेला एक चेहरा, मागं ढाल.
अक्षरं मी लावून दिली: जर्मनी, संस्थान रॉइस,
एवढंसं, त्यातही दोन पात्या, थोरली नि धाकटी.
काका मांडी थोपटून हसले,
'म्हंजे आपलं कुरुंदवाडच की रं!'
राजे झाडून सगळे हाइनरिख, ओळखायला आकडे.
हा सदुसष्टावा. धाकट्या पातीचा.

मग वाल्डेक आलं, लिपे आलं,
आनहाल्ट आलं कानावर कडीचा डाग घेऊन,
कुणाच्या तरी गळ्यात राहून आलेलं.
तो डाग काकांनी घासला नाही.
'डाख चांगला बसवलाय,' एवढंच म्हणाले.

थोरल्या पातीचं मात्र मिळेना.
मिळालं ते गुजरीत, चाळीस हजाराला.
काकांनी ते नखावर वाजवलं, कानाशी नेलं,
परत ठेवलं,
आणि एसटीत शिरोलीपर्यंत बोलले नाहीत.

आमच्या कारखान्यात मधोमध भिंत आहे, नऊ इंची.
पलीकडं भुजगोंडाकाका, थोरले.
अकरा वर्षं भिंतीतून फक्त हातोड्यांचा आवाज जायचा.
त्या संध्याकाळी काका चप्पल घालून
दहा पावलांवरच्या त्या दारात गेले.
काय बोलणं झालं माहीत नाही. चहा दोनदा गेला आत.
'पैसे देतो म्हणाला,' काका येऊन म्हणाले,
'पण नाणं त्याच्याकडं राहणार.
थोरल्याचं थोरल्याकडं.'

आता डब्यात एक खोबण रिकामी.
रविवारी काका भिंग खिशात घालतात,
नाणं बघायला जातो म्हणतात.
जाताना काकू वाटीभर खर्डा देते हातात,
नाण्याला कशाला खर्डा, ते कुणी विचारत नाही.
भिंतीपलीकडून आवाज येतो,
'आला का रं, सदुसष्टावा?'