वायसर

गुजरांवाल्यात, घंटाघराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. एक माणूस बसेल एवढं.
तीस वर्षं स्टोव्ह उघडतो, पुन्हा मिटवतो.
कुठला स्टोव्ह कशानं खोकतो
हे मला न पेटवता कळतं.

चौकीचा मुन्शी तो घेऊन आला
गव्हाच्या पोत्यात गुंडाळून.
म्हणाला, उस्ताद, एवढं लिहून दे
की भडका उडाला.
म्हटलं, बघू तर दे.

पितळी टाकी. बुडाशी कोरलेलं नाव : तस्लीम,
खाली लग्नाची तारीख.
आंदणाचं भांडं. भांड्यावर नाव घालतात ना,
हरवू नये म्हणून.

टाकीला पोचा नाही. झाळ सुटलेली नाही.
निपल साफ. वायसर तेल पिऊन टम्म,
अजून दोन वर्षं सहज चालला असता.
फुटलेला स्टोव्ह मी पाहिलाय,
त्याचं पोट आतून बाहेर फाटतं.
ह्याचं पोट शाबूत होतं
आणि रिकामं.
वर झाकण, पिळून घट्ट लावलेलं.

जळणाऱ्या बाईनं
झाकण कधी लावलं असेल?

मुन्शी चहा पीत सांगत होता. माणूस वाईट नव्हता.
मोटरसायकल कबूल केली होती, ती आली,
पण सत्तर सीसीची. त्यांना सव्वाशेची हवी होती.
मधल्या पंचावन्नाचा हिशोब
त्या घरात तीन वर्षं रोज शिजत राहिला.
मग दुसरीही मुलगीच झाली.
मग धाकट्या दिराला दुबईच्या एजंटाला द्यायला पैसे लागले.
दोनदा माहेरी निघून आली,
दोन्ही वेळा बापानंच परत बसमध्ये बसवलं,
हातात मिठाईचा डबा देऊन,
लेकीला रिकाम्या हातानं धाडू नये म्हणून.
शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकलं
आणि रेडिओ मोठा केला.
इस्पितळात जबाब घेतला तेव्हा
सासू उशाशी बसून वारा घालत होती.
जबाबात आहे : स्टोव्ह फुटला.

मी लिहिलं : स्टोव्ह फुटलेला नाही.
सही करताना हात थरथरला म्हणालो तर खोटं होईल.
तो नंतर थरथरला.
मुन्शीनं कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली,
एवढी लहान, की वरच्या खिशात
सिगारेटच्या पाकिटामागे मावली.
स्टोव्ह माझ्याकडेच राहिला.

चाळिसावा झाल्यावर दीर आला.
चाचा, पितळेचे काय देता?
ठेवून काय करायचं, म्हणाला,
भावासाठी बोलणी चाललीयेत,
नवी वहिनी गॅसची शेगडी आणतेय.
मी नाव असलेली बाजू वर करून
टाकी तराजूत ठेवली.
त्याचं लक्ष काट्याकडे होतं.

त्या रात्री बत्ती गेलेली.
आमच्या फरहतची यादी सुग्रा उशाखाली ठेवते.
मेणबत्तीशी धरून वाचत होती :
पलंग, पेटी, एकवीस जोड, शिलाई मशीन,
स्टोव्ह, मोटरसायकल सत्तरची.
आत फरहत चहाला स्टोव्ह पेटवत होती,
पंपाच्या आवाजावरून कळलं
वायसर कोरडा पडलाय.

म्हटलं, सुग्रा, यादीतला स्टोव्ह काढ.
ती हसली. स्टोव्हवाल्याची पोर
आणि स्टोव्हशिवाय जाणार? लोक काय म्हणतील?
गॅसची शेगडी लिही, म्हटलं. सिलिंडरसकट.
तिनं लिहिलं. खर्चाचं काही बोलली नाही.

दोघं बराच वेळ गप्प होतो.
मुलाकडचे लोक चांगले आहेत,
त्यांनी आजवर तोंडानं काही मागितलेलं नाही.

मग मीच म्हणालो,
आणि त्या सत्तरचं
सव्वाशे कर.