तिसरी मान

आधी पाय बघायचे, घोडा घेताना बघतात तसे.
चार आहेत, चारही एकाच जातीचे, आटे शाबूत.
एकाच्या बुडाचं रबर गेलंय,
तिथं कुणीतरी बाटलीचं बूच ठोकलंय.
पेटीला सिगरेटचा वास. म्हणजे पेटी मूळचीच.

व्हर्लीन स्टबलफील्ड खुर्चीत बसत नाही.
पोंका सिटीहून टल्सापर्यंत दीड तास गाडी हाकत आली
आणि आता दुकानाच्या दारात उभी, किल्ल्या हातात,
पोराला दवाखान्यात सोडायला आल्यासारखी.
"डॅडींची," म्हणाली. "किती येतील?"

सांगतो. घाई नको.
नावाची पट्टी गेलीय, तिची दोन भोकं राहिलीत.
भोकांमधलं अंतर मोजलं.
कधी कधी तेवढ्यावर ओळख पटते.
इथं नाही पटली.
मग मागचा पत्रा उघडला. आत धूळ, एक मेलेला नाकतोडा,
आणि आवाजाच्या बटणाच्या पाठीवर ठोकलेले आकडे:
आधी कारखान्याचे, मग सालाचा एकच, तीन,
मग आठवडा, एकेचाळीस.
दशक आपण ओळखायचं.
वायरीवरच्या कापडाला बोट लावून मी म्हणतो, त्रेपन्न.
बटण आधी बनतं, वाद्य मागाहून;
तेव्हा हिचा जन्म त्याच्या आधीचा नाही, एवढंच.
या धंद्यात 'एवढंच' लिहिता आलं पाहिजे.

तीन माना, एकेकीवर आठ तारा.
पहिलीचा रंग लाकडापर्यंत गेलाय.
दुसरीचा निम्मा.
तिसरी कोरी.
अशा कोरेपणासाठी माणसं वेडी होतात.
ओसाकाला एक दातांचा डॉक्टर आहे,
फोटो बघूनच पैसे पाठवील.

पेटीच्या कप्प्यात पोलादी कांब, फणी,
नाचाच्या हॉलचं अर्धं तिकीट,
आणि एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेले सूर.
पहिली: सी सिक्स्थ.
दुसरी: ई थर्टीन्थ.
तिसरी: नऊ चाळीस.

असा सूर नसतो.

"मालगाडी," व्हर्लीन दारातूनच म्हणाली.
"घरामागून जायची. रात्री नऊ चाळीसला.
भोंगा कुठल्याही गाण्यात मधेच घुसायचा.
आई हसायची, डॅडी चिडायचे.
मग एका हिवाळ्यात त्यांनी ही मानच तिला देऊन टाकली.
रात्रीतून एकदा, कांब न टेकवता,
आठही तारांवरून एकच हात.
आणि गाडी जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही."

रूळ आता उखडलेत. तिथं सायकलींची वाट झालीय.

मी नव्या तारा चढवल्या.
किंमत ठरवण्यात हे येत नाही, याचे पैसे मी लावणार नाही.
पाच भोंग्यांचा मेळ कसा बोलतो ते मला ठाऊक आहे,
रुळांजवळ वाढलेल्या कुणालाही असतं.
अंदाजानं खुंट्या पिळल्या. छेडलं.
व्हर्लीननं मान हलवली. नाही.
पुन्हा.
नाही.
तेव्हा कुठं सुचलं. विचारलं,
येणारी की जाणारी?
कारण येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा असतो,
आणि आपल्याला ओलांडलं की उतरतो.

ती पहिल्यांदाच खुर्चीत बसली.
शेजारच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर बंद झाला,
सुरू झाला, पुन्हा बंद झाला.
"जाणारी," म्हणाली.

आठही खुंट्या मी जरा जरा उतरवल्या.

कागदावर एक रकाना आहे: स्थिती.
तिसऱ्या मानेपुढं मी 'न वापरलेली' असं लिहिलं होतं.
ते खोडलं, 'रोज वापरातली' लिहिलं.
त्यानं चारशे डॉलर कमी होतात.
व्हर्लीनची हरकत नाही.
ओसाकाच्या डॉक्टरला काय सांगायचं
ते उद्या बघू.