नव्वद लिटर

ओमिओच्या बागेमागच्या नळाला
एरोलनं पाइप जोडला आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.
माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं प्लंबर.
धार बघून सांगतो बादली किती वेळात भरेल,
आणि बहुतेक वेळा बरोबर असतो,
हीच त्याच्याबरोबर राहण्यातली अडचण.

"नव्वद लिटर म्हणजे नव्वद किलो," तो म्हणाला,
"काठोकाठ भरावी, नाहीतर कोरडी ठेवावी.
अर्धी टाकी डोंगरात नेऊ नये.
आपण वळतो तेव्हा वळतो.
पाणी नंतर वळतं."

टाकी त्यानंच बसवली, ट्रेलरच्या पोटाखाली,
पितळी जोड, दोन क्लॅम्प, तीन रविवार.
गाडी मात्र मी चालवते.
तो शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकतो:
आता दुसरा गिअर. आता मागच्यांना जाऊ दे.
ब्रेकवर पाय ठेवून झोपू नकोस, ग्लेनिस.

सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली आहे
याच जिल्ह्यातल्या घाटांतून.
मागे काय चाललंय ते मला आरशात बघावं लागत नाही,
पाठीला कळतं.
पोरंही वळणावर उशिरा कलायची,
आधी दप्तरं, मग ती, मग हसणं.

डिनर प्लेनपर्यंत टाकी गप्प होती.
भरलेली टाकी गप्पच असते.
त्यानंतर, आगीत पांढरी पडलेली स्नो गमची झाडं सुरू झाली
आणि मागे कुणीतरी जागा बदलली.
एका वळणावर. मग पुढच्या वळणावर.
मी आवाज ऐकला नाही, स्टिअरिंगनं ऐकला.

हॉथमच्या माथ्यावर थांबलो. उतार सुरू व्हायच्या आधी
चाकांना हात लावून बघायची त्याची पद्धत.
तो वारा अडवून सिगारेट पेटवत होता,
आणि ट्रेलरखाली एक करावाँग पक्षी
चोच वर करून, परत खाली करून
पाणी पीत होता.
फेब्रुवारी अखेर. तीन आठवडे पाऊस नाही.
मी पाहिलं.
ताकास तूर लागू दिली नाही.
तीन रविवार, मी मनात म्हटलं. पितळी जोड.

मग तीस किलोमीटर उतार.
दुसरा गिअर, इंजिनाचं कण्हणं,
डावीकडे कठड्याच्या पलीकडे नुसती हवा,
जळक्या ब्रेकचा वास आमचा की पुढच्या ट्रकचा, कळेना.
वळणागणिक मागचं ओझं कमी होत गेलं,
शेवटचं पोर त्याच्या फाटकापाशी उतरल्यावर
रिकामी बस जशी हातात येते,
नको इतकी हलकी.

"छान उतरवलीस," एरोल म्हणाला.
हे तो कधी म्हणत नाही.

हॅरिएटव्हिलला, झाडाखाली,
त्यानं किटली धरली आणि नळ सोडला.
नळ दोनदा खोकला. मग वारा.
तो टॉर्च घेऊन ट्रेलरखाली गेला.
नुसते बूट बाहेर, टाचा फाकलेल्या.
बराच वेळ बूट हलले नाहीत.

"एक क्लॅम्प आवळायचाच राहिला," खालून आवाज आला.
"कुणाचं ते विचारू नकोस."

"मला कळलं होतं."

"कधी?"

"अर्ध्यावर."

बूट गप्प.
मला वाटलं आता ओरडेल,
नव्वद लिटर, नव्वद किलो, सगळं परत सांगेल.
"अर्धी टाकी घेऊन उतरलीस," तो म्हणाला,
"तो घाट?"
आणि पान्यानं काहीतरी आवळू लागला,
आत आता काही नसताना.

नदीवर मीच गेले.
ओव्हन्सचं पाणी इतकं थंड की बोटं आपली वाटेनात.
उकळून घ्यावं लागणार, चहा उशिरा होणार.
बादली पूर्ण भरायला हवी होती, मला माहीत होतं.
अर्धीच भरली.
चढावर प्रत्येक पावलाला
ती थोडी उशिरा हलत होती,
माझा डावा बूट भिजवत.