उणे चौदा

डाव्या कुशीवर वळा, दोना एर्मेलिंदा.
हात उशीखाली. जेल गार लागेल,
गरम करायचं यंत्र दुरुस्तीला गेलं
ते तीन वर्षं परतलेलं नाही.
ती हसते. जेकिचिन्योन्याच्या पाण्याहून गार नाही, म्हणते,
जूनच्या पहाटेच्या.

चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या चादरी पिळल्या
त्या नदीच्या खडकांवर.
एक बाई टोक घट्ट धरून उभी,
दुसरी पीळ देत देत तिच्याकडे येणारी.
मी अकरा वर्षं या अंधाऱ्या खोलीत
हेच धुणं बघतेय, आतलं:
हृदयाचं टोक जागचं हलत नाही,
वरचा भाग खाली उतरतो, वळतो, आवळतो
आणि रक्त निथळून जातं महाधमनीत.

श्वास सोडा. धरा.
तीन ठोके पुरेत.
घ्या आता.

पडद्यावर राखाडी ठिपके, वाळू सांडल्यासारखे.
मशीन एकेकावर पाळत ठेवतं:
मघाशी इथे होतास, आता इथे.
दोघांमधलं अंतर शंभरात किती आखडलं
एवढंच त्याला हवं असतं.
आखडलं, म्हणून उणे.
म्हणजे इथे जितकं उणं तितकं बरं,
उणे वीसला मी सुखानं कॉफी प्यायला जाते.
शाळेतलं गणित दाराबाहेर
चपलांपाशी ठेवून यावं लागतं.

जुन्या मापानं हिचं सगळं ठीक आहे.
दर ठोक्याला साठ टक्के रक्त बाहेर.
'सामान्य' लिहून मोकळं होता येतं.

पण हिचं माहेर मातीच्या कुडाचं.
कुडाच्या भेगांत राहायचा तो किडा,
आमच्याकडे त्याला न्हावी म्हणतात,
रात्री गालापाशी येतो म्हणून.
दुखवत नाही. घोटभर पितो,
आणि जाताना घाण टाकून जातो, तीच नडते.
ते घर केव्हाच पाडलं. आता विटांचं आहे,
गिलावा केलेलं, निळा रंग दिलेलं.
भेग तेवढी बिऱ्हाड बदलून
हिच्याबरोबर आली.

सतरा खणांचं वर्तुळ उमटतं.
कडेचे खण लाल, पेरूच्या गरासारखे.
आत येऊ तसे फिके. आणखी फिके.
टोकाशी एक निळा:
बाकीचे आवळतात तेव्हा हा उलटा ताणला जातो,
समोरच्या बाईनं टोक सोडल्यासारखा.

खाली आकडा.

आकडा सांगायची मला परवानगी नाही.
डॉक्टर वाल्दोमिरो गुरुवारी येतात, ते सांगतील.
पण ती मान वळवून पडद्याकडे बघतेय.
अक्षरं येत नाहीत तिला, आकडे येतात,
धुण्याच्या वहीतले.
'चौदाच्या आधी ही आडवी रेघ कसली गं?'
उणे, मी म्हणते. तोंडातून निघूनच जातं.
'म्हणजे नदीनं नेलेलं.'

तिच्या वहीत रेघ म्हणजे तेच.
एक रुमाल. एक बाळमोजा.
न्यायाधीशांच्या बायकोचा भरतकामाचा टेबलक्लॉथ,
ज्याच्यापायी आठ आठवडे फुकट राबली.
'चौदा कपडे गेले माझे?'

नाही, दोना एर्मेलिंदा. कसं सांगू,
इथे उलटं असतं.
वीस जायला हवे होते.

ती बराच वेळ गप्प.
मशीनचा पंखा तेवढा घरघरतो.
'मग नदीच आटत चाललीय म्हण ना.'

मी कागदानं जेल पुसते, जरा जास्तच वेळ.
अहवालात लिहिते: टोकाकडे ताण कमी,
पुढची तपासणी सहा महिन्यांनी.
बाहेर बाकावर अजून चार जण,
अरासुआईची शेवटची बस पाच वाजता.

ती ब्लाउजची बटणं लावते, उतरते,
पलंगावरची चादर ओढून घेते
आणि दुसरं टोक माझ्या हातात देते.
कोपऱ्याला कोपरा. पुन्हा एकदा.
ही धुवायलाच जायची आहे, घडी कशाला,
असं मी काही म्हणत नाही.