कंप्रेसर कोण चालवतो

दिवाळे कोळीवाड्यात रात्री दीड वाजता
मी एका ढगाचं तापमान काढत बसले आहे.
आपला ढग नव्हे. वृषभेतला, काळाकुट्ट,
तिथून निघालेली लहर साडेचारशे वर्षं चालत आलेली.
त्यात अमोनिया आहे:
वाऱ्यात छत्री उलटावी तसा रेणू उलटतो, सुलटतो,
सेकंदाला चोवीस अब्ज वेळा,
आणि त्याची कुरकुर तबकडीला ऐकू येते.

आबा पाणी प्यायला उठतात.
एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात, कंप्रेसरवर.
एका गळतीत नाक गेलं;
तेव्हापासून सुकट करपली तरी
आई ओरडल्यावरच कळतं.

स्क्रीनवर पाच उंचवटे,
मधला ताठ, दोन्हीकडे ठेंगणे दोन-दोन.
"ह्यो अमोनिया?"
हो.
"वास?"
इथवर पोचत नाही.
"किती थंड?"
उणे दोनशे त्रेसष्ट.
ते हसतात. त्यांच्या टाकीतलं खारं पाणी
उणे दहालाच दमायचं.

"न कंप्रेसर कोन चालवतं?"

कुणी नाही, ढगाचंच वजन.
तेच दाबतंय. आत तारा होतोय.

आबा मान हलवतात, न पटल्याची.
"दाबलं का तापतं.
ती गरमी भायेर कोन टाकतं?"

मी परत त्या उंचवट्यांकडे बघते.
पेपरात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं,
आज कुणीतरी विचारलेलं.
हीच ती, आबा.
बाहेर टाकलेल्यातली चिमूटभर.

ते हाताची पालथी बाजू स्क्रीनला लावतात,
पाइप तपासायचे तशी.
"कोमट हाय," म्हणतात,
आणि तांब्या घेऊन आत जातात.